साध्या पिशवीतली खोली

१

सोमवारी सकाळी दहाच्या सुमारास पंचबाई चौथ्या मजल्यावर पोचल्या, तेव्हा त्यांना दमही लागला होता आणि रागही आला होता. खाली लिफ्टच्या दारावर 'बंद आहे' असा कागद डकवलेला होता. कागद इतका पिवळा पडला होता की बंद असणं हा त्या लिफ्टचा स्वभावच असावा. उजवा गुडघा ठणकत होता, पण गुडघ्याबद्दल बोलणं बाईंच्या स्वभावात नव्हतं.

बत्तीस वर्षं त्यांनी रेल्वेत तिकिटं तपासली होती. तिकिटाला भोक पाडायचा पंच कायम हातात, म्हणून त्या पंचबाई. निवृत्त झाल्यावर लोक त्यांना बोलवायला लागले. कुणाची अंगठी गेली, कुणाचं मृत्युपत्र सापडेना, की बोलवा पंचबाईंना. माणूस खरं बोलतोय की आसनाखाली लपलेला आहे, हे त्यांना चेहऱ्यावरून कळतं, असा बोलबाला होता. खरं म्हणजे त्यांना चेहऱ्यावरून काहीएक कळत नसे. त्या फक्त सगळ्यांची तिकिटं बघत, एकही न सोडता.

"या, या," असं म्हणत दादा स्वतः दारापर्यंत आले. प्रवाशांना स्वस्तात खोल्या विकणारी देशातली सगळ्यात मोठी वेबसाइट या दादांची. वय पंचावन्न, पांढरा सदरा, आणि तीन दिवस झोपले नसावेत असे डोळे. "आमचं घर फुटलंय, पंचबाई. आतून फुटलंय."

त्यांनी संगणकाचा पडदा बाईंच्या दिशेने वळवला. पडद्यावर एक साधंसुधं पान होतं. वर लिहिलं होतं, 'पिशवीत काय आहे?' आणि खाली वीस खोल्यांचे क्रमांक, प्रत्येकापुढे एका हॉटेलाचं नाव.

"हे कोण लिहितं ते ठाऊक नाही," दादा म्हणाले. "गेले सहा आठवडे रोज वीस नावं येतात. आणि ही नावं जगात फक्त एका कपाटात आहेत. त्या कपाटाची किल्ली फक्त एका बाईकडे असायची, आमच्या किल्लीताईंकडे."

"आणि ती बाई?"

"शुक्रवारी घरी पाठवली. एकोणीस वर्षं माझ्याबरोबर होती." दादांनी खिडकीकडे तोंड फिरवलं. "या शुक्रवारी पाच वाजेपर्यंत तिच्याविरुद्ध पोलिसात तक्रार केली नाही, तर नऊशे हॉटेलांची साखळी आम्हाला सोडून जाणार आहे. ती गेली की बाकीचे जातील. मग हे सगळं संपलं."

२

हे सगळं म्हणजे काय, ते बाईंना आधी समजून घ्यायचं होतं. दादांनी त्यांना पलीकडच्या दालनात नेलं, आणि बाई दारातच उभ्या राहिल्या.

अख्ख्या भिंतीवर देशाचा नकाशा होता. त्यावर हजारो बारीक दिवे होते.

"एकेक दिवा म्हणजे आज रात्री रिकामी राहणारी एकेक खोली," दादा म्हणाले. "अकरा हजार हॉटेलं आहेत आमच्याकडे. दुपारी दोनला आम्ही खोल्या विकायला काढतो. खोली विकली की दिवा विझतो."

"आणि हे तुम्हाला सुचलं कसं?"

"तुम्ही आमच्याकडून संध्याकाळचा पाव न्यायचात, आठवतं?"

बाईंना चांगलं आठवत होतं. स्टेशनसमोर दादांच्या आईची बेकरी होती. संध्याकाळी सातनंतर उरलेला पाव अर्ध्या किमतीत मिळायचा, पण दुकानाचं नाव नसलेल्या साध्या कागदी पिशवीत. पूर्ण पैसे देऊन सकाळी पाव नेणाऱ्यांना वाईट वाटू नये, आणि दुकानाचा भाव पडू नये, म्हणून. एकदा बाईंचा दात दुखत होता. आईंनी त्यांच्या सुजलेल्या गालाकडे नुसतं पाहिलं आणि कडक पाव परत ठेवून मऊ पाव पिशवीत घातला. चाळीस वर्षं झाली त्याला.

"मी विसाव्या वर्षी एका हॉटेलात स्वागतकक्षात लागलो," दादा सांगत होते. "रोज ऐंशीतल्या तीस खोल्या अंधारात. मी मॅनेजरला म्हटलं, स्वस्तात देऊन टाका. तो म्हणाला, आज स्वस्तात दिली तर उद्या पूर्ण पैसे कोण देईल? त्याचंही बरोबरच होतं. आणि पाव निदान दुसऱ्या दिवशी शिळा म्हणून तरी खपतो, पंचबाई. काल रात्रीची खोली आज कुणीच विकू शकत नाही. मग मला आईची पिशवी आठवली."

बेकरीतच एक टेबल आणि एक फोन, चार हॉटेलं. तिथून सुरुवात झाली. पुढे धाकट्या भावाने मैद्याच्या पोत्यांवर जुना संगणक मांडून वेबसाइट उभी केली. हॉटेल आपला तळभाव गुपचूप सांगणार, म्हणजे याच्या खाली खोली द्यायची नाही असा भाव. दादा त्याच्यावर थोडं चढवून विकणार, आणि मधला फरक दादांचा. गिऱ्हाईकाला खोली निम्म्या किमतीत मिळणार, पण हॉटेलाचं नाव पैसे भरल्यावरच कळणार, आणि एकदा घेतलेली खोली परत नाही. वेबसाइटवर याला नावच पडलं होतं, 'साधी पिशवी'. एरवी हीच हॉटेलं तिथे उघड नावानिशी पूर्ण भावातही मिळत, पण कंपनीचं पोट भरत होतं ते पिशवीवर.

"म्हणजे कुणाचंच नुकसान नाही," बाई हळूच म्हणाल्या.

"कुणाचंच नाही. फक्त नाव झाकलेलं पाहिजे."

सगळं समजून घेता घेता दोन वाजले. नकाशा एकदम उजळला, आणि मग दिवे विझायला लागले. समुद्रकाठचा एक गेला, डोंगरातले चार गेले, मोठ्या शहरातले ओंजळीने गेले. या घटकेला कुठेतरी कुणीतरी बॅग भरत होतं, परीक्षेला, कुणाच्या भेटीला, कुणाच्या मातीला, आणि त्याला आज रात्री टेकायला जागा मिळाली होती. बत्तीस वर्षं बाईंनी प्रवासी पाहिले होते, पण ते उतरल्यावर जातात कुठे, हा विचार त्यांच्या मनाला शिवला नव्हता. त्यांना गहिवरून आलं. गुडघा दुखायचाही थांबला.

तीन वाजले आणि शेजारच्या पडद्यावर 'पिशवीत काय आहे?' या पानावर वीस नावं टपकली. "किल्ली काढून घेतली तरी थांबत नाही," दादा म्हणाले. "सगळी यादी तिला तोंडपाठ आहे."

३

यंत्रांची सगळी व्यवस्था धाकट्याकडे होती. तो पंचेचाळिशीचा होता, पण सगळं ऑफिस त्याला धाकटाच म्हणे. त्याच्या खोलीत खुर्चीपेक्षा तारा जास्त होत्या.

"बाई, मी स्वच्छ सांगतो," तो म्हणाला. "यादी किल्लीताईंच्या संगणकात आणि छापील प्रत त्यांच्या कपाटात. दुसऱ्या कुणीही ती उघडल्याची नोंद नाही. मलाही वाईट वाटतंय. पण त्यांनी सहा दिवस रजा घेतली होती, भाचीच्या बाळंतपणासाठी. ते सहाच दिवस त्या पानावर एकही नाव आलं नाही. याला काय म्हणाल?"

"तुम्ही काय करत होतात ते सहा दिवस?"

"मी? जुने सगळे अभिप्राय नव्या यंत्रावर हलवत होतो. पाहुणे राहून गेल्यावर लिहितात ना, ते. साठ लाख आहेत. जेवायला फुरसत नव्हती."

"दादांनी कंपनी विकावी असं तुम्हाला वाटतं म्हणे."

धाकटा लाल झाला. "वाटतं. विकावी आणि दोघांनी झोप काढावी. पण ती बुडावी असं वाटत नाही. बुडालेली कोण विकत घेईल?"

यात तथ्य होतं. बाईंनी मनातल्या मनात त्याच्या तिकिटाला भोक पाडलं आणि पुढच्या खोलीत गेल्या.

तिथे खोडमास्तर बसले होते. हे निवृत्त शिक्षक. साध्या पिशवीतल्या खोल्यांचं वर्णन लिहायचं काम त्यांचं. दादांचा पहिल्या दिवसापासून नियम होता की प्रत्येक खोलीची एक खोड गिऱ्हाईकाला खरी सांगायची. आई म्हणायची ना, 'एका बाजूने जरा करपलाय हं,' तसं. मास्तरांनी त्या एका ओळीची कला करून टाकली होती.

"हे ऐका," त्यांनी चष्मा सारखा करत वाचलं. "'गरम पाणी यायला सव्वा मिनिट लागतं.' किंवा हे, 'आरसा ठेंगण्या माणसासाठी लावलाय, उंच माणसाला आपली हनुवटीच दिसेल.' कसं आहे? हॉटेलवाले फॉर्मात लिहितात 'आरसा खाली', बाकी आमची लेखणी."

"एकच खोड का? खोलीत दोन असल्या तर?"

"नियम एकाचा आहे," मास्तर कडकपणे म्हणाले. "ना अर्धी, ना दीड."

"आणि खोली कुठल्या हॉटेलातली, ते तुम्हाला कळतं?"

"छे! मला नुसता क्रमांक येतो. नाव कळलं असतं तर माझ्या पोटात राहिलं असतं का?" मास्तर प्रामाणिकपणे म्हणाले. पलीकडच्या टेबलावर दोघीजणी फिसकन हसल्या.

बाई जिना उतरायला लागल्या, तशा एका पायरीवर थबकल्या. काहीतरी खटकत होतं, पण काय ते सापडेना.

४

किल्लीताई तीन गल्ल्या पलीकडे राहत. दार उघडायला त्यांनी वेळ लावला. पन्नाशीची, ताठ, केस चापून बसवलेली बाई. घर इतकं लख्ख घासलं होतं की बाईंना कळलं, तीन दिवस हिने दुसरं काही केलेलं नाही.

"पाणी देते. चहा देणार नाही," किल्लीताई म्हणाल्या. "तुम्ही दादांच्या पैशाने आलात."

"मी कुणाच्याही पैशाने आले तरी तिकीट बघूनच भोक पाडते. तुम्ही केलंत का हे?"

किल्लीताई भांडं हातात घेऊन तशाच उभ्या राहिल्या. मग त्यांचे डोळे भरून आले.

"काय झालं?"

"काही नाही. तुम्ही विचारलंत." त्यांनी भांडं खाली ठेवलं. "पहिल्या टेबलावर दादा, मी आणि तो फोन. पिठाने सगळे कागद पांढरे व्हायचे. हॉटेलवाल्यांकडे मी बसने जायचे आणि त्यांचा तळभाव कागदावर न लिहिता डोक्यात घेऊन यायचे. एकोणीस वर्षांत नवऱ्यालाही एक आकडा सांगितला नाही, आणि आता तो सांगण्यापलीकडे गेला. शुक्रवारी शिपायाच्या हाती निरोप आला, किल्ली देऊन घरी जा. दादा आतल्या खोलीत होते. बारा पावलं. तेवढी चालून त्यांनी मला विचारलं नाही की ताई, तुम्ही केलंत का?"

बाईंनी पाण्याचं भांडं त्यांच्याकडे सरकवलं.

"केलेलं नाही," किल्लीताई म्हणाल्या. "पण आता ते सांगायला गेले तर चोराचा कांगावा वाटेल. शुक्रवारी पाचनंतर या गल्लीतून मान वर करून चालणं माझ्या नशिबात नाही, एवढं खरं."

परत येऊन बाईंनी दादांकडे दोनच गोष्टी मागितल्या, कपाटातली यादी आणि त्या पानावर आजवर आलेली सगळी नावं.

"कशाला?" दादा म्हणाले. "सगळी बरोबर आहेत. हॉटेलवाले बोंब मारताहेत ते उगाच?"

"तुम्ही एकेक ताडून पाहिलंत?"

"सातशेच्या वर आहेत हो!"

"डब्यात नव्वद माणसं असली तर नव्वद तिकिटं बघायची असतात," बाई म्हणाल्या आणि खुर्ची ओढून बसल्या.

५

सदतीस दिवसांची नावं होती, रोजची वीस. सातशे चाळीस. सोमवारची संध्याकाळ गेली, मंगळवार गेला, बुधवारची दुपार आली. बरोबर, बरोबर, बरोबर. बाईंच्या डोळ्यांची आग व्हायला लागली. येणारेजाणारे 'काय सापडतंय म्हातारीला' अशा नजरेने बघून जात.

बुधवारी साडेचारला त्यांचं बोट थांबलं.

एकतिसाव्या दिवशीची खोली. मास्तरांची खोड, 'मनोऱ्यावरच्या घड्याळाचे टोले दर पाव तासाला उशाशी ऐकू येतात.' पानावर नाव होतं मनोऱ्यासमोरच्या जुन्या हॉटेलाचं. यादीत मात्र होतं त्याच्या शेजारचं, नवं.

"किती नवं?" बाईंनी दादांना विचारलं.

दादांनी तारीख पाहिली. "त्या दिवसाच्या नऊ दिवस आधी उघडलेलं. पण एक चूक म्हणजे काय मोठं? सातशे एकोणचाळीस बरोबर आहेत."

"दादा, ज्याच्या हातात यादी आहे त्याचं एकही चुकत नाही. तो बघून उतरवतो." बाईंचा आवाज शांत होता, पण पंच धरायचा हात आपोआप मिटला होता. "याच्याकडे यादी नाही. कधीच नव्हती. तो मास्तरांची ओळ वाचतो आणि खोली ओळखतो."

दादा खाली बसले. "ओळखतो? सातशे खोल्या? नळावरून, आरशावरून? असं माणूस असेल कसं? सगळ्या देशभर प्रत्येक खोलीत झोपून आलेलं?"

"किंवा झोपलेल्या प्रत्येकाचं ऐकून घेतलेलं," बाई म्हणाल्या. "नवं हॉटेल का चुकलं? तिथे राहून कुणी काही सांगितलंच नव्हतं अजून. आणि ते सहा दिवस पान का बंद होतं? किल्लीताई रजेवर होत्या, खरं. पण त्याच सहा दिवसांत आणखी एक गोष्ट बंद होती."

दारात उभ्या असलेल्या धाकट्याच्या हातातली तार गळून पडली. "अभिप्राय."

"ते छापायच्या आधी कुणी वाचतं का?"

"वाचावे लागतात. शिव्या असतात, खोटंनाटं असतं. पण बाई, छापलेले अभिप्राय तर कुणीही वाचू शकतं."

"मग तो आरशाचा काढा. ठेंगण्या माणसाचा."

धाकट्याने शोधला. बराच वेळ बोटं चालली, मग थांबली. "आरसा खाली लावल्याबद्दल आजवर एकच अभिप्राय आलाय. कुणा उंच गृहस्थाने हॉटेलवाल्याची आई-बहीण काढलीय, म्हणून तो छापलाच नव्हता." त्याने वर पाहिलं. "आणि त्या खोलीचं नाव पानावर बरोबर आहे."

"म्हणजे न छापलेलंही ज्याने वाचलंय तो. अशी किती माणसं आहेत?"

"एक," धाकटा म्हणाला. "एक बाई आहेत. घरूनच करतात. अकरा वर्षं झाली." आणि मग ओशाळून, "मी त्यांना पाहिलेलं नाही कधी. कुणीच नाही."

६

गुरुवारी सकाळी पंचबाई त्या पत्त्यावर गेल्या. तळमजल्यावरची एक खोली, एक खिडकी, खिडकीशी टेबल, टेबलावर संगणक. दार उघडणाऱ्या बाईच्या दोन्ही काखांत कुबड्या होत्या. वय चाळिशीच्या पुढचं, चेहरा हसरा.

"पिशवीत काय आहे?" पंचबाईंनी विचारलं.

ती बाई बाजूला सरकली आणि म्हणाली, "बसा. एकदा कुणीतरी येणार हे माहीत होतं मला. उशीरच केलात."

तिने लपवाछपवी केली नाही. पंचबाईंनी परीक्षा म्हणून एकेक खोड सांगावी आणि तिने डोळे मिटावेत. "खिडकी उघडताना वर उचलून मग ढकलावी लागते? नदीकाठचं, पुलाजवळ, दुसरा मजला. एक म्हातारं जोडपं दर वर्षी लिहितं." "पंख्याचा आवाज? कुठला, टकटक की घूं? टकटक असेल तर स्टेशनमागचं." अकरा वर्षांत ती या खोलीतून चार गावांपलीकडे गेली नव्हती, आणि देशातली प्रत्येक उशी तिला ठाऊक होती. पंचबाई तोंडात बोटं घालून ऐकत होत्या. भिंतीवरचे ते हजारो दिवे, त्यांतल्या प्रत्येकाच्या आतली खोली, जिना, नळ, गादीतला खड्डा, हे सगळं या एका डोक्यात नीट लावून ठेवलेलं होतं.

"पण खात्री केल्याशिवाय मी नाव टाकत नाही हं," ती म्हणाली. "जुना अभिप्राय काढून बघते, मगच. त्या सहा दिवसांत काही उघडेना, म्हणून गप्प बसले."

"इतकी वर्षं नाही केलंत. आत्ताच का?"

तिने कुबडी टेबलाला टेकवली.

"माझ्या थोरल्या बहिणीचं ऑपरेशन होतं, परगावी. तिच्याजवळ राहायचं म्हणून दवाखान्यालगतची खोली घेतली. तुमच्या साध्या पिशवीतली, परवडते ती. खोड लिहिली होती, 'नळ ठिबकतो'. म्हटलं, ठिबकू दे. पोचले तर खोली तिसऱ्या मजल्यावर, आणि लिफ्ट नाही. पैसे परत नाहीत. रात्रभर स्वागतकक्षातल्या खुर्चीवर बसले." ती हसली. "नळ ठिबकतो की नाही, मला अजून कळलेलं नाही."

"तुम्हाला ओळखता आलं नाही ते हॉटेल?"

"मी कधी ओळखायचा प्रयत्नच केला नव्हता हो! नोकरी होती, इमानाने करत होते. खुर्चीवर बसल्या बसल्या आठवलं. 'जिने चढून जीव गेला' हा तिथलाच अभिप्राय मीच तर पुढे पाठवला होता. तेव्हा वाटलं, मला आठवतं तर निदान दुसऱ्या कुणाला तरी सांगावं. वाईट नव्हतं करायचं कुणाचं."

पंचबाई म्हणाल्या, "कुणाचं तरी झालंय." आणि त्यांनी किल्लीताईंबद्दल सांगितलं.

त्या बाईचा चेहरा पांढराफटक पडला. ती उठली आणि चपला शोधायला लागली.

"आज नको," पंचबाई तिला बसवत म्हणाल्या. "उद्या. सगळे हजर असताना."

७

शुक्रवारी चार वाजता दादा चौथ्या मजल्यावर वाट बघत होते, साखळीचा अधिकारी फोनवर यायचा होता. खालून निरोप आला, 'पंचबाई आल्यात, पण वर येत नाहीत. तुम्हीच खाली या.'

दादा चिडून उतरले. मागून धाकटा, मास्तर, निम्मं ऑफिस. खाली लिफ्टच्या बंद दारासमोर एक खुर्ची होती. खुर्चीत ती बाई, मांडीवर कुबड्या. एका बाजूला पंचबाई, दुसऱ्या बाजूला, भिंतीला पाठ लावून, किल्लीताई.

पंचबाईंनी सगळं उलगडून सांगितलं. एकच चुकलेलं नाव, सहा दिवस, न छापलेला आरसा. शेवटी खुर्चीतली बाई म्हणाली, "सगळं मी केलं. या ताईंना मी आज पहिल्यांदा बघतेय." आणि तिने रात्रभराच्या त्या दुसऱ्या खुर्चीची गोष्ट सांगितली.

मास्तरांनी चष्मा काढला. "नळ मीच लिहिला होता," ते पुटपुटले. "फॉर्मात दोन होत्या. नळ आणि जिना. नियम एकाचा. मला नळ जास्त गमतीदार वाटला."

दादा चढ्या आवाजात म्हणाले, "आईचा नियम आहे तो! पिशवी साधी, खोड खरी. आईने कधी नाव सांगितलं नाही."

"नाही सांगितलं," पंचबाई म्हणाल्या. "पण पिशवी भरायच्या आधी त्या माणसाकडे बघायच्या. माझा दात दुखत होता. मी बोलले नव्हते. त्यांनी कडक पाव परत ठेवला. तुम्ही पिशवी घेतलीत, दादा, बघणं तिथेच राहिलं."

दादा पायरीवर मटकन बसले. वरून कुणीतरी फोन घेऊन धावत आलं. साखळीचा अधिकारी होता. दादांनी हात पुढे केला, मग मागे घेतला. फोन किल्लीताईंनी घेतला.

"मी बोलतेय," त्या म्हणाल्या. "यादी फुटलेली नाही, साहेब. तुमचे तळभाव कुणीही पाहिलेले नाहीत. नावं ओळखली गेली ती तुमच्याच फॉर्मातल्या खोडींवरून. हो, आमची चूक. वर्णनाची पद्धत बदलतोय. महिनाभर द्या." त्या बराच वेळ ऐकत राहिल्या. "बरं. एक महिना." आणि फोन परत दिला.

दादा खुर्चीतल्या बाईकडे वळले. "काय केलं असतं आम्ही, म्हणजे तुम्हाला त्या रात्री अंथरूण मिळालं असतं?"

"फार काही नको होतं," ती म्हणाली. "नाव नका सांगू. पैसे घ्यायच्या आधी एवढंच विचारा, तुम्हाला काय चालणार नाही? मी लिहिलं असतं, जिना. दुसरा कुणी लिहील, आवाज. एवढंच." मग तिला राहवेना. "आणि ते मनोऱ्याजवळचं नवं होतं होय! मला मेलं कळलंच नाही."

कित्येक दिवसांनी त्या इमारतीत कुणीतरी हसलं. दादा मात्र हसले नाहीत. ते उठले, खिशातून कपाटाची किल्ली काढली आणि बारा पावलं नसतील, पण होती तेवढी चालून किल्लीताईंसमोर उभे राहिले. सगळे बघत होते. त्यांनी किल्ली पुढे केली. किल्लीताईंनी हात उचलला नाही.

दादांनी एकदा खुर्चीतल्या बाईकडे पाहिलं.

"ताई," ते म्हणाले, "तुम्हाला काय चालणार नाही?"

किल्लीताईंनी त्यांच्याकडे पाहिलं, एकोणीस वर्षांची सगळी ओळख गोळा करून पाहिलं.

"मला न विचारता ठरवलेलं चालणार नाही," त्या म्हणाल्या.

दादांनी मान खाली घातली आणि हात जोडले. किल्लीताईंनी किल्ली घेतली, कमरेला खोचली, आणि त्या बंद लिफ्टच्या दारावरचा पिवळा कागद फाडून त्यांनी धाकट्याच्या हातात दिला.

"आधी हे," त्या म्हणाल्या, आणि जिना चढायला लागल्या.